दुकान पळवणारा
(माजी विद्यार्थी, दहावी १९८७)

सातवीत असताना मी एका वाक्यात वडिलांना चोर ठरवलं होतं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा दुसरं काही सुचेचना.

१९८३ चा जून संपत आला होता. २५ तारखेला लॉर्ड्सवर आपण १८३ धावा काढून वेस्ट इंडीजला १४० मध्ये गुंडाळलं होतं आणि ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेल्या आमच्या वर्गाला इंग्रजीतला एक शब्द तरी पक्का येत होता, रन. पाचवीत ए-बी-सी-डी गिरवायला लागलेली पोरं आम्ही. शब्द डावीकडे, अर्थ उजवीकडे, मध्ये रेघ. इंग्रजी म्हणजे एवढंच. रन, रेघ, पळणे. सरांनी भाषांतराला वाक्य घातलं, 'माय फादर रन्स अ शॉप.' आमचं गावात किराणा दुकान. वाक्य आपल्यासाठीच आलंय असं वाटून मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. 'दुकान पळतात' हे काही बरोबर वाटेना, म्हणून स्वतःची अक्कल चालवली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "माझे वडील दुकान पळवतात."

वर्ग किती वेळ हसत होता ते सांगत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत मी 'दुकानपळव्या' झालो होतो आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट दुकानाच्या फळीवर पोचली होती. वडील रागावले नाहीत. काट्यावरची साखर सारखी करत म्हणाले, "पळवलंय खरं, पण म्या न्हवं. उधारीवाल्यांनी."

सरही हसले होते, खोटं कशाला बोलू. पण हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझे वडील दुकानाचं काय करतात?"

"चालवतात, सर."

"मग तसं लिही की. रन एकटा दिसला तर पळू दे त्याला. पण कुणाच्या पंगतीला बसलाय ते आधी बघायचं."

आणि त्यांनी फळा पुसून घेतला. नदीच्या शेजारी रन बसला की वाहणे. नाकाच्या शेजारी बसला तरी वाहणेच, फक्त रुमाल लागतो. धुतलेल्या लुगड्याच्या रंगाबरोबर आला तर रंग जाणे. एस.टी.बरोबर आला तर रविवारी गाडी आहे की नाही, हे सांगणारा. पाठीमागे 'आउट ऑफ' लावून साखरेच्या आधी आला तर डबा रिकामा. निवडणुकीला अमेरिकेतला माणूस 'रन' करतो, म्हणजे पळतो. इंग्लंडातला 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. सर म्हणाले, या बाबतीत आपण इंग्रजांकडचे, आपल्याकडेही उभाच राहतात. (आणि मग पडतात. उभा राहिलेला पडतो, हे निदान तर्काला धरून आहे.)

मग त्यांनी एक खेळ लावला. प्रत्येक वाक्यातला रन काढायचा आणि तिथं दुसरा इंग्रजी शब्द बसवायचा. दुकानाला 'मॅनेज' बसला, नदीला 'फ्लो', यंत्राला 'ऑपरेट'. सर म्हणाले, "बघा, तिघंही रनचे सोयरे. पण मॅनेज आणि फ्लो एकमेकांचे कोणी लागतात का?" बोलता बोलता ते थांबले. खडू हातात तसाच. "आता मघाशी हसलेल्यांनी उठा. हा 'लागतात' इंग्रजीत कसा सांगाल?"

कुणी उठेना. मग एकेकाच्या तोंडून शब्द सुटायला लागले. भूक लागते. ठेच लागते. निकाल लागतो. नोकरी लागते. चुलीवर दूध लागतं. आढ्याला काठी लागते. मामा लागतो तो तर निराळाच. आमच्या शिवारात उसाची लागण असते, तीही याच घरची. तास संपल्याची घंटा झाली तरी फळा भरतच होता, आणि प्रत्येक ओळीला इंग्रजी शब्द वेगळा. रेघेच्या उजवीकडच्या एकुलत्या अर्थावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

सर तेव्हा सांगायचे की ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात सगळ्यात जास्त जागा 'सेट' या शब्दानं अडवली आहे. १९८९ ची वीस खंडांची आवृत्ती निघाली तेव्हाही ते खरं होतं. पुढे कोशाचं नव्यानं काम सुरू झालं आणि २०११ मध्ये वाचलं की रन पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! एका संपादकानं त्या एका शब्दावर नऊ महिन्यांहून जास्त काळ घालवला म्हणे. मला आनंद झाला तो घरचा माणूस निवडून आल्यासारखा.

आयटीआय करून मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत लागलो (हा आणखी एक 'लागलो'). तिथं रन पहिल्याच आठवड्यात भेटला. साच्यात ओतलेलं लोखंड ज्या वाटेनं आत जातं ती वाट म्हणजे रनर. साचा पुरता भरायच्या आत धातू थिजला, कडा गोलसर अर्धवट राहिल्या, की तो जॉब 'मिसरन'. १४०० अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड रनरमधून पाण्यासारखं धावताना पाहिलं आणि सरांचं एक वाक्य आठवलं, की फार जुन्या इंग्रजीत या शब्दात पळणं आणि वाहणं दोन्ही होतं. वर्गात ते ऐकून सोडून दिलेलं.

पुढे मशीनशॉपला बदली झाली. सुपरवायझर म्हणाला, "डायल लावून रनआउट बघ." क्रिकेटवर पोसलेला मी क्षणभर पंच शोधत होतो. फिरणारा शाफ्ट केंद्रापासून किती झोलतो, ते मायक्रॉनमध्ये मोजायचं, हा तिथला रनआउट. पेंटशॉपमध्ये रंग ओघळला की 'रन आला'. घरी ओट्याचा ग्रॅनाइट बसवायला आलेला मिस्त्री रनिंग फुटानं भाव सांगतो. मुलगी लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून म्हणते, कोड रन होईना. प्रत्येक वेळी मी मनात विचारतो, पंगतीला कोण आहे?

मागच्या वर्षी सर बाजारात भेटले. ऐंशी ओलांडलीय, ऐकू कमी येतं, पण चेहरे विसरत नाहीत. पाया पडलो तर पाठीवर हात ठेवून भर रस्त्यात, भाजीवालीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दुकान कोण पळवतंय आता?"

"धाकटा भाऊ, सर."