तुम्ही विचारलंत म्हणून: अन्ननलिका काढली, मग जेवता कसं?

कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता लिहूनच टाकतो. विचारताना सगळ्यांची नजर माझ्या गळ्याकडं असते, पण गिळायला सध्या काही त्रास नाही. अन्ननलिका काढली तरी जठर असतं ना, त्याचाच एक भाग कापून उरलेल्याची लांबट नळी करतात, छातीतून वर ओढतात आणि मानेत उरलेल्या तुकड्याला जोडतात. माझं छाती, पोट आणि मान असं तिन्हीकडून झालं, मॅककिऑन म्हणतात त्याला. आधी केमो आणि रेडिएशन, गाठ आक्रसावी म्हणून.

1913 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक नावाच्या सर्जननं एका बाईची छातीतली अन्ननलिका काढली तेव्हा असं आत जोडून दिलं नव्हतं, मानेतल्या भोकापासून पोटातल्या भोकापर्यंत बाहेरून रबरी नळी लावली आणि ती बाई त्यातून जेवत दहा वर्षांहून जास्त जगली. हे वाचल्यापासून मी कुरकुर कमी केलीय (बायकोला हे मान्य नाही).

खरी भानगड घास उतरल्यावर. साठवायची पिशवीच राहिली नाही, मग अर्ध्या भाकरीत छाती गच्च होते, म्हणून आमटीत कुस्करून थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं आणि पाणी जेवणाबरोबर नाही, नंतर. गोडाचं तर विचारूच नका. कुणाच्या तरी बारशाला वाटीभर शिरा खाल्ला आणि थोड्याच वेळात दरदरून घाम, धडधड, हातपाय गार, घरचे म्हणाले अ‍ॅटॅक, चला दवाखान्यात! तो अ‍ॅटॅक नव्हता, डंपिंग होतं, म्हणजे अन्न, त्यातून गोड, एकदम आतड्यात उतरतं. परत आग्रह झाला की मी चमचाभर घेतो आणि वाटी बायकोकडं सरकवतो.

आणि वरची झडप पण गेली, त्यामुळं जेवून वाकलं की आंबट पाणी थेट घशात. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्यात, बुटाची लेस जेवणाआधीच बांधतो.

मानेतला जोड मधे आवळला होता, भाताचं शीतसुद्धा अडकायचं. दुर्बिणीतून फुगा घालून रुंद केला, परत आवळला तर परत करायचा म्हणालेत.