क्रियापदाचा भूतकाळ

परक्या भाषेत भांडता येत नाही, हे इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं. मनात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मध्यंतरी गोदामात असंच झालं. चुकीचा माल गाडीत चढला आणि ठपका आला आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोरावर. खरं तर यादीच चुकीची छापली होती. मी ती स्वतः पाहिली होती. तेवढंच सांगायचं होतं. पण मी मनातल्या मनात क्रियापदाचा भूतकाळ तपासत राहिले आणि बैठक संपली.

त्याच आठवड्यात चर्चच्या अभ्यासगटात बायबलच्या नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाचा 10वा अध्याय निघाला. धैर्य टाकू नका, त्याचं प्रतिफळ मोठं आहे, हे 35वं वचन मला लहानपणापासून ठाऊक. परीक्षेआधी, मुलाखतीआधी, व्हिसाच्या रांगेत मी ते पुटपुटत आलेय. थोडक्यात काय, ताईत करून ठेवला होता त्याचा.

आमच्या गटात प्रत्येकाचं बायबल वेगळ्या भाषेतलं, त्यामुळे अडलं की सगळे मूळ ग्रीककडे वळतात. तिथे ‘धैर्य’ या जागी ‘पार्रेसिया’ असा शब्द आहे. फोड केली तर ‘सगळं बोलणं’. अथेन्सच्या नागरिकाला सभेत मोकळेपणी बोलता येई, त्यालाही हाच शब्द होता. म्हणजे इतकी वर्षं मी छातीवर हात ठेवून जे म्हणत होते, ते तोंडाबद्दल होतं! मला त्या बैठकीतली माझी खाली घातलेली मान आठवली.

‘टाकू नका’ हे क्रियापदही नव्या करारात आणखी एकदाच येतं. मार्कच्या 10व्या अध्यायात आंधळा बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून येशूकडे धावतो, तिथे. जे टाकायचं ते आधी अंगावर असावं लागतं. आणि या पत्राच्या पहिल्या वाचकांकडे हे धैर्य होतं. वचनाच्या आधीच्या तीन ओळी वाचा (आम्ही त्या नेहमी गाळतो): त्यांची चारचौघांत विटंबना झाली, मालमत्ता लुटली गेली, आणि ज्यांची अशीच अवस्था झाली त्यांच्या बाजूला ते उभे राहिले, बंदिवानांच्या दुःखातही वाटेकरी झाले.

बाजूला उभे राहिले. मी तिथेच अडकले.

‘प्रतिफळ’ या शब्दाचा मूळ अर्थ मजुरी चुकती करणं. गंमत म्हणजे याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या वचनात तोच शब्द शिक्षेसाठी आलाय. ज्याचं जे देणं ते मिळणार, एवढाच त्याचा रोख. आणि कधी मिळणार? पुढच्याच अध्यायात विश्वासाच्या वीरांची लांबलचक यादी देऊन लेखक सांगतो की देवाने जे कबूल केलं होतं ते त्यांच्यापैकी कोणालाच मिळालं नाही. बढतीच्या शुभेच्छांसोबत हे वचन पाठवणाऱ्यांनी तेवढं पान उलटावं.

पुढच्या बैठकीत मी हात वर केला. वाक्य कागदावर लिहून नेलं होतं, तरी काळ चुकलाच. ‘यादी चुकीची होती’ऐवजी ‘यादी चुकीची असेल’ असं काहीतरी बोलले. कोणीतरी हसलं. मी खिशातून ती यादी काढून टेबलावर ठेवली.

नवं वेळापत्रक लागलं तेव्हा माझ्या वाट्याला पुन्हा रात्रपाळ्याच आल्या होत्या. त्या पोराच्या नावापुढचा शेरा मात्र खोडलेला होता.