रिकाम्या कबरीच्या मागच्या बाजूला

2017 साली ईस्टरआधीच्या उपवासकाळात मला ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ पूर्ण म्हणता येत नव्हतं. आदल्या नोव्हेंबरमध्ये माझे यजमान गेले. आठ महिन्यांचं आजारपण, त्यातले शेवटचे तीन आठवडे अतिदक्षता विभागात. तिथे दाराबाहेर बसून ही प्रार्थना मी किती वेळा म्हटली याची गणतीच नाही. ते गेल्यावर मात्र ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीशी आलं की जीभ उचलेना. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तेवढ्यापुरती गप्प व्हायचे आणि ‘आमची रोजची भाकर’पासून पुन्हा सूर धरायचे. मग हळूहळू चर्चला जाणंच टाळायला लागले.

नणंदेने मला न विचारता जेरुसलेमच्या यात्रेत माझं नाव घातलं. “वहिनी, तू काही करू नकोस, प्रार्थनाही नको. नुसती चल,” एवढंच म्हणाली. बत्तीस जणांचा गट, बरोबर एक फादर. बाकी बहुतेक अनोळखी. त्यात सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणत. खोली आम्हा दोघींना मिळून दिली होती.

आम्ही निघायच्या तयारीत असतानाच झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, 9 एप्रिलला, इजिप्तमधल्या टांटा आणि अलेक्झांड्रियाच्या कॉप्टिक, म्हणजे तिथल्या प्राचीन ख्रिस्ती पंथाच्या, चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. भर उपासनेच्या वेळी. चाळीसहून अधिक माणसं गेली. गटात चलबिचल सुरू झाली, घरून फोन येऊ लागले. फादरांनी कुणालाही आग्रह केला नाही. तरी कुणीच नाव मागे घेतलं नाही. मला तर भीतीही वाटत नव्हती. तेव्हा काहीच वाटत नव्हतं, हेच खरं. बेथलेहेमही पाहिलं, पण त्यातलं आज फारसं आठवत नाही.

आठवते ती ईस्टरआधीच्या गुरुवारची रात्र, येशूला पकडलं त्या रात्रीच्या स्मरणाची. गेथसेमनी म्हणजे तेलाचा घाणा. ऑलिव्ह पर्वताच्या पायथ्याशी ती बाग आहे. आठ जुनी ऑलिव्हची झाडं, पिळवटलेल्या, पोकळ झालेल्या खोडांची. त्यांतल्या तीन झाडांची तपासणी झाली तेव्हा खोडांचं वय बाराव्या शतकापर्यंत मागे गेलं, आणि आठही झाडं एकाच मूळ झाडाची निघाली. शेजारी 1924 साली पूर्ण झालेलं चर्च आहे. त्याच्या खिडक्यांना जांभळट दगडाचे पातळ पत्रे बसवलेत, त्यामुळे दिवसाही आत रात्र वाटावी. वेदीपुढे उघडा खडक आहे. त्या खडकावर येशूने ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ म्हणून विनवणी केली, अशी परंपरा. घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता आणि सोबतचे तिघे शिष्य झोपले होते.

त्या रात्री चर्च तुडुंब भरलं होतं. जो तो आपापल्या भाषेत प्रार्थना म्हणत होता. आमचा गट मराठीत म्हणत होता, आणि नेहमीच्या ओळीला मी थांबले. प्रार्थना संपल्यावर बाई माझ्या कानाशी आल्या. “रोज ऐकतेय मी. तू त्या ओळीला थांबतेस.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “थांब हो खुशाल. तुझ्या वाटची ओळ मी म्हणत जाईन. माझा मुलगा गेला तेव्हा दोन वर्षं माझी ओळ माझ्या धाकट्या जावेने म्हटली.” इतकंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या ओळीला त्यांचा आवाज किंचित मोठा व्हायचा.

शुक्रवारी क्रुसाची वाट चाललो, येशू क्रूस घेऊन गेला ती. चौदा स्थानं, त्यांतली नऊ जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांतून आणि शेवटची पाच पवित्र कबरीच्या, म्हणजे येशूच्या कबरीवर बांधलेल्या, चर्चच्या आत. गल्ल्या म्हणजे भरगच्च बाजार. दुकानं चालू, हातगाड्या अंगावर येणाऱ्या. सुरुवातीला मन लागेना. मग वाटलं, तो क्रूस घेऊन गेला तेव्हाही लोकांचे व्यवहार असेच चालू असतील. माझे यजमान गेले त्या सकाळीसुद्धा खालच्या रस्त्यावर रोजच्यासारखी वर्दळ होती, आणि मला तिचा किती राग आला होता!

या चर्चमध्ये सहा पंथ नांदतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, कॅथॉलिक, कॉप्टिक, सीरियन आणि छपरावरच्या मठात इथिओपियन. दाराची किल्ली मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे आहे, आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे.

घुमटाखाली कबरीची छोटी वास्तू आहे. तिच्या जीर्णोद्धाराचं काम तीनच आठवड्यांपूर्वी, 22 मार्चला, पुरं झालं होतं. ब्रिटिशांनी 1947 मध्ये आधारासाठी लावलेला लोखंडी सांगाडा निघाला होता, काजळी धुऊन दगडाचा मूळ रंग वर आला होता. या कामासाठी आदल्या ऑक्टोबरच्या अखेरीस कबरीवरची संगमरवरी शिळा शतकांनंतर बाजूला केली होती. हे कळलं तेव्हा मी मनात तारखा जुळवल्या. यजमानांना अतिदक्षता विभागात हलवलं, तोच आठवडा.

आत जायला दोन तास रांग लावली. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय शिरता येत नाही. एका वेळी तीन-चार माणसं, तीही मिनिटभर. मी शिळेवर हात टेकवला. गार दगड. काही झालं नाही. बाहेर आल्यावर नणंदेने आशेने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्यासाठी वाईट वाटलं.

त्या वर्षी पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या पंचांगांप्रमाणे ईस्टर एकाच दिवशी, 16 एप्रिलला आला होता. शनिवारी रात्री छपरावर गेलो. पांढऱ्या शाली पांघरलेल्या इथिओपियन बाया-बापड्यांच्या हातात मेणबत्त्या, मोठमोठे ढोल, संथ डुलणारं गाणं. एकही शब्द कळत नव्हता. एका आजीने सरकून मला आपल्याजवळ बसवून घेतलं, आपली मेणबत्ती माझ्या मेणबत्तीला टेकवली आणि पुन्हा गाऊ लागली.

रविवारी सकाळी चर्चमध्ये एकीकडे आमचा ऑर्गन आणि दुसरीकडे ग्रीकांचं गायन, दोन्ही आवाज घुमटाखाली एकमेकांत मिसळत होते. गर्दीच्या रेट्याने मी आणि बाई कबरीच्या मागच्या अंगाला जाऊन पोचलो. तिथे कॉप्टिक लोकांची वेदी आहे, अगदी चिंचोळी. गुडघे टेकून आत वाकलं की कबरीच्या खडकाला हात लावता येतो. बाजूला काळ्या कपड्यांतल्या पाच-सहा बायका उभ्या होत्या. आमचा वाटाड्या स्थानिक ख्रिस्ती होता. तो हळूच म्हणाला, “इजिप्तच्या आहेत.” अरबीतलं ईस्टरचं अभिवादन त्याने आम्हांला आदल्या दिवशीच शिकवलं होतं. एकाने म्हणायचं, ‘अल मसीह काम’, ख्रिस्त उठला आहे. दुसऱ्याने उत्तर द्यायचं, ‘बिल हकीका काम’, खरोखर उठला आहे. हकीका म्हणजे आपली हकीकतच.

त्या बायकांतली एक माझ्याच वयाची होती. तिच्या हातात एका तरुण मुलाचा फोटो होता. कोण होता, ते मी विचारलं नाही. तिने तो फोटो पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला, वाकून खडकाला लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. तिथल्या म्हाताऱ्या साधूने तिला घाई केली नाही. ती उठली तेव्हा तो तिच्याकडे पाहून म्हणाला, “अल मसीह काम.”

तिचे ओठ हलले, आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. साधू थांबून राहिला. तिच्याबरोबरच्या बायका रडत होत्या. मी तिच्या अगदी शेजारी उभी होते, आमचे खांदे लागत होते.

“बिल हकीका काम,” मी म्हटलं. मग तेच मराठीत म्हटलं, “खरोखर उठला आहे.”

तिने माझ्याकडे न बघताच माझा हात शोधला आणि घट्ट धरला. मागून बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.