एक बोर्ड, तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि एकही ड्रायव्हर नाही

सध्याची स्थिती: माझा यूएसबीने जोडायचा सेन्सर बोर्ड लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज, तिन्हीकडे लावल्या लावल्या चालतो. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालणारा कोड मी लिहिलेला नाही आणि हौशी माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. तीन सिस्टिमचे तीन ड्रायव्हर एकट्याने सांभाळायचे, वर साइनिंगचं, म्हणजे ड्रायव्हरवर डिजिटल सही घेण्याचं, लचांड! त्यापेक्षा कॉम्प्युटरवरचा सगळा कोड लिबयूएसबीवर, म्हणजे स्वतःचा ड्रायव्हर न लिहिता यूएसबी डिव्हाइसशी बोलू देणाऱ्या लायब्ररीवर, ठेवायचा आणि ज्या सिस्टिमला जे वेगळं हवं ते बोर्डाने आपल्या डिस्क्रिप्टरमधून, म्हणजे स्वतःची ओळख देणाऱ्या माहितीच्या तक्त्यांतून, सांगायचं.

बोर्ड सीरियल पोर्ट म्हणून दाखवणं सोपं होतं. विंडोज १० पासून त्यासाठीचा ड्रायव्हर आपोआप लागतो. पण मला कमांड आणि डेटा वेगवेगळ्या बल्क एंडपॉइंटवर (डेटा नेण्या-आणण्याच्या यूएसबीच्या वाटांवर) हवे होते, म्हणून व्हेंडर-स्पेसिफिक, म्हणजे कुठल्याही ठरावीक प्रकारात न बसणारा, इंटरफेस घेतला.

मॅकओएसवर काही करावंच लागलं नाही. अशा इंटरफेसवर दुसरा कुठला ड्रायव्हर हक्क सांगत नाही, त्यामुळे लिबयूएसबी तो थेट उघडते. लिनक्सवर प्रश्न फक्त परवानगीचा. युडेव्ह, म्हणजे लिनक्सवर डिव्हाइसांची व्यवस्था पाहणारा प्रोग्रॅम. त्याच्या नियमात ‘युअॅक्सेस’ टॅग लावला की लॉगिन केलेल्या माणसाला डिव्हाइस उघडता येतं. मात्र नियमाच्या फाइलचा क्रमांक ७३ च्या आतला ठेवा. त्या टॅगवर अंमल करणारी फाइल ७३ क्रमांकाची आहे. तुमचा नियम तिच्यानंतर वाचला गेला तर परवानगी मिळत नाही.

खरं काम विंडोजचं. बोर्डाने ‘मला विनयूएसबी (विंडोजमधला तयार, सर्वसाधारण ड्रायव्हर) लावा’ असं स्वतः सांगायची सोय मायक्रोसॉफ्टने केलेली आहे. या सोयीच्या पहिल्या पिढीत विंडोज बोर्डाकडे २३८ क्रमांकाची स्ट्रिंग मागतं. त्या वेळी नीट उत्तर आलं नाही, तर तशी नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) व्हेंडर, प्रॉडक्ट आणि आवृत्ती या तिन्ही क्रमांकांखाली होते आणि पुन्हा विचारणा होत नाही. म्हणून फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) हा भाग बदलला की डिव्हाइसचा आवृत्ती क्रमांकही वाढवायचा, हा नियम पक्का करून टाका.

मी आता दुसऱ्या पिढीवर आलोय. ती विंडोज ८.१ पासून चालते. डिव्हाइस डिस्क्रिप्टरमधली यूएसबी आवृत्ती २.०० ची २.१० केली की विंडोज बीओएस नावाचा (बायोसशी संबंध नसलेला) जादा डिस्क्रिप्टर मागतं आणि त्यातून मायक्रोसॉफ्टच्या डिस्क्रिप्टरचा पुढचा संच कुठे आहे ते त्याला कळतं. माझा संच १६२ बाइटचा: १० हेडरचे, २० ‘विनयूएसबी’ या आयडीचे, उरलेले १३२ इंटरफेसच्या जीयूआयडीचे, म्हणजे प्रोग्रॅमला तो शोधता यावा म्हणून दिलेल्या एकमेव ओळख-क्रमांकाचे. या १३२ मध्ये जीयूआयडीची किंमत ८० बाइट घेते: महिरपी कंसांसकट ३८ अक्षरं आणि शेवटी दोन शून्य अक्षरं, प्रत्येकी दोन बाइट. दोन शून्यं अशासाठी, की रजिस्ट्रीत ही एक स्ट्रिंग नसून स्ट्रिंगची यादी असते. हा हिशेब कागदावर मांडून मगच कोडमध्ये उतरवा. लांबीचे आकडे संचात जागोजागी येतात आणि ते एकमेकांशी जुळावेच लागतात.

वायरशार्कमध्ये (संभाषण टिपून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लिनक्स आणि विंडोजचं बोर्डाशी होणारं संभाषण शेजारी शेजारी लावून पाहण्यात फार मजा आहे. लिनक्स कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टरचे आधी ९ बाइट मागतं, त्यातून एकूण लांबी वाचतं आणि मग सगळा मागतं. विंडोज सुरुवातीलाच २५५ मागून मोकळं होतं. त्यामुळे मागितलेली आणि असलेली, यांतली जी लांबी कमी तेवढंच पाठवायचं, एवढं फर्मवेअरने पाळलं की दोघंही खूश.

डेटाचा एक मुद्दा राहिला. फुल-स्पीडवर, म्हणजे यूएसबीच्या १२ मेगाबिटच्या वेगावर, बल्क पॅकेट जास्तीत जास्त ६४ बाइटचं. संदेश नेमका ६४ च्या पटीत असला तर तो संपला हे कळायला शून्य लांबीचं पॅकेट लागतं. ते आपोआप जोडायचा लिबयूएसबीचा पर्याय सगळीकडे सारखा भरवशाचा नाही. मी प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला चार बाइटमध्ये त्याची लांबी लिहितो. कुठल्याच सिस्टिमवर विसंबायला नको.

आता अँड्रॉइड हाती घेतलंय. तिथे रूट (सर्वाधिकार) नसलेल्या अॅपला यूएसबीची डिव्हाइसं स्वतः धुंडाळता येत नाहीत. यूएसबी मॅनेजरकडून वापरकर्त्याची परवानगी घ्यायची, मिळालेला फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या डिव्हाइसचा क्रमांक; वरच्या डिस्क्रिप्टरांशी याचा संबंध नाही) लिबयूएसबीच्या हवाली करायचा आणि तिला स्वतः शोध घेऊ नको असं आधीच सांगायचं. परवानगीची खिडकी येते आणि डिव्हाइस उघडतं. बल्क वाचन अजून व्हायचंय.