डावीकडून की उजवीकडून?

ऑगस्ट 2019. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आणि कृष्णा 57 च्या वर. नौदलाच्या रबरी बोटी सांगलीत आल्या, तेव्हा बोट त्यांनी चालवायची आणि वाट आम्ही गावातल्या स्वयंसेवकांनी दाखवायची असं ठरलं. कुठल्या गल्लीत कंपाउंडची भिंत पाण्याखाली गेलीय, विजेची डीपी कुठं आहे, हे बाहेरच्याला कसं कळणार?

गावभागातून माणसं घेऊन परतताना एका वळणावर स्वयंसेवकांची पत्र्याची होडी समोर आली. नौसैनिकानं बोट उजवीकडं घातली, होडीवाल्यानं डावीकडं. म्हणजे दोघं एकाच भिंतीकडं! समुद्रात 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम चालतात. इंजिनाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडं वळायचं, अरुंद वाटेतही उजव्या काठानं जायचं. आपला होडीवाला जन्मभर रस्त्यावर डावीकडून गेलेला. चूक कुणाचीच नव्हती आणि धडक तर बसली.

पत्र्याच्या कडेनं आमच्या बोटीच्या पुढच्या उजव्या ट्यूबला वीतभर चीर पडली. ट्यूबमध्ये हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, त्यामुळं एक फुटला तरी बोट तरंगते. खरी भीती असते ती माणसं घाबरून एका बाजूला धावण्याची. त्याच पुरात जवळच्या ब्रह्मनाळ गावात बोट उलटल्याची बातमी तर सगळ्यांच्याच मनात होती. नौसैनिकानं आधी किल-स्विचची दोरी ओढून इंजिन बंद केलं, कारण पाण्यात कुणी पडलं असतं तर पंख्यानं कापलं असतं. मग सगळ्यांना तळाला बसवलं आणि उजवीकडच्यांना एकेक करून डावीकडं, थोडं मागं सरकवलं. फार मागं नाही. तिथं इंजिन आणि पेट्रोलच्या टाकीचं वजन आधीच असतं, मागून पाणी आत येतं.

वल्ह्यांनी बोट एका इमारतीच्या आडोशाला, धार मंदावते तिथं नेली आणि गॅलरीच्या गजांना दोन ठिकाणी बांधली. विजेच्या खांबाला बांधायची नाही. लाइन बंद असली तरी कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी तारांत येऊ शकते. पत्र्याच्या होडीत माणसं घेण्याइतकी जागा नव्हती. म्हणून लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी, असं करत सगळ्यांना गॅलरीत चढवलं. दुसरी रबरी बोट येईपर्यंत लाइफ जॅकेटचे पट्टे कुणालाही सोडू दिले नाहीत.

चीर तिथल्या तिथं बुजवता येत नाही. रबर कोरडं करून पॉलिश पेपरनं घासायचं, रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा, तो सुकल्यावर दुसरा, मग ठिगळ दाबून बसवायचं आणि पुढं कित्येक तास हवा भरायची नाही. त्या पावसात हे कुठं करणार? बोट कामातून गेली.

संध्याकाळी सगळ्या बोटवाल्यांना एकत्र बसवलं. स्थानिक होड्या जास्त, म्हणून गल्लीत सगळ्यांनी डावीकडूनच जायचं ठरलं. वळणाआधी 4 ते 6 सेकंदांची एक लांब शिट्टी, हा नियम मात्र समुद्राचाच ठेवला. धारेबरोबर येणाऱ्या बोटीला पहिली वाट, कारण तिला थांबता येत नाही.