टिप एकदम उडत नाही

भोसरीत आमच्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) एन-८ या मध्यम कार्बनच्या स्टीलच्या ब्लॉकचं फेस मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने वरचा पृष्ठभाग सपाट करणं, चालू होतं आणि कटरला बसवलेल्या कार्बाइडच्या टिपा उडत होत्या. टिप घासून संपली तर कुणी काही बोलत नाही. इथे धार धड दिसत असतानाच कोपऱ्याचा टवका जायचा. ऑपरेटर म्हणायचा, "साहेब, एकदम उडते, आधी काही कळतच नाही." फीड (कापताना पुढे सरकण्याचा वेग) कमी करून पाहिला, फरक शून्य. मालकांनी तर टिपांचा लॉटच खराब ठरवून टाकला होता.

मी लॅबला मुद्दाम न तुटलेल्या, अर्धवट वापरलेल्या टिपा दिल्या. तुटलेल्या टिपेवर पुरावा बहुधा टवक्याबरोबर गेलेला असतो. आधी कोऱ्या टिपेवर ३० किलोच्या भाराने हिऱ्याचं टोक दाबून विकर्स ठसा घेतला. ठशाच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या भेगा मोजून चिवटपणा काढतात. तो ग्रेडला साजेसा निघाला. कार्बन कमी पडला की तयार होणारी ठिसूळ ईटा फेजही नव्हती. म्हणजे माल ठीक होता.

मग वापरलेली टिप मायक्रोस्कोपखाली घेतली. धारेला काटकोनात, कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने भेगा! धारेला समांतर असत्या तर मी कटिंगच्या माराकडे बोट दाखवलं असतं. काटकोनातल्या भेगा उष्णतेच्या. टिप जॉबमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये, कापत असते तेव्हा तिचा पृष्ठभाग तापून फुगू बघतो, पण आतला थंड भाग त्याला फुगू देत नाही. टिप बाहेर आली की लगेच वर कूलंट. पृष्ठभाग आकसायला बघतो आणि ताणला जातो. कटरच्या प्रत्येक फेऱ्याला हेच.

मोठं करून पाहिल्यावर मजा कळली. टंगस्टन कार्बाइडचे कण सरळ चिरलेले, पण भेगेच्या टोकामागे हे कण बांधून ठेवणाऱ्या कोबाल्टचे बारीक पूल अजून दोन्ही काठ धरून होते. हा धातू आहे म्हणून भेग लगेच पळत नाही. पण तापून-निवून तोही थकतो, पूल तुटत जातात, भेग खोल जाते. शेजारच्या दोन भेगा आत जोडल्या गेल्या की मधला तुकडा सुटतो. ऑपरेटरला दिसतो तो एवढाच शेवट.

आम्ही कूलंट बंद करून एअर ब्लास्ट लावला आणि कमी तापमानाला चढणाऱ्या पीव्हीडी कोटिंगची, थोड्या जास्त कोबाल्टची ग्रेड घेतली. दुसऱ्या प्रकारचं, सीव्हीडी कोटिंग हजारेक अंशांवर चढतं आणि निवताना त्यातच बारीक तडे पडतात. या कामात ते नको होते. आता टिपा घासून संपतात. नवी तक्रार गरम चिप्स अंगावर येण्याची आहे, त्यासाठी गार्ड बनवायला टाकलाय.