नवारिनोची लढाई बॅलार्ड इस्टेटमधून घरी आणताना

मरीन इन्शुरन्सच्या क्लेम खात्यात वर्षं काढली की माणसाला जहाजांची चित्रं आवडायला लागतात असं काही नाही. माझ्या खात्यात बाकी कुणालाच ती आवडत नाहीत. मलाही आधी ओढ लागली ती चित्रांखालच्या बारीक ओळींची. जुन्या इंग्रजी प्रिंटच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं नाव असतं, उजव्यात कोरणाऱ्याचं आणि मध्ये प्रकाशकाचं नाव, पत्ता, तारीख. १७३५ पासून इंग्लंडच्या कायद्याने कोरीव चित्रांना नकलेपासून संरक्षण दिलं, पण त्यासाठी छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर तारीख आणि नाव कोरावं लागे. म्हणजे चित्राला जन्मदाखला चिकटलेलाच. कागदपत्रं वाचून पोट भरणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

सगळीच जहाजं जमवायची म्हटलं तर घर विकावं लागेल, म्हणून मी हद्द आखून घेतली: जहाज मुंबईत बांधलेलं हवं. ही हद्द वाटते तेवढी लहान नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून इथल्या गोदीत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने सागवानाची जी जहाजं बांधली त्यांनी ब्रिटिश आरमारात नाव काढलं. १८१० चं 'मिंडेन', १८१३ चं 'कॉर्नवॉलिस' (१८४२ चा नानकिंगचा तह याच जहाजावर झाला), १८१७ चं 'त्रिंकोमाली', जे आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. आणि १८२४ चं, ८४ तोफांचं 'एशिया'.

'एशिया'चं प्रिंट मिळवायचंच, हे मनात पक्कं होतं. २० ऑक्टोबर १८२७ ला ग्रीसच्या नवारिनो उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून तुर्की-इजिप्शियन आरमाराचा धुव्वा उडवला. निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. ब्रिटिश अॅडमिरल कॉड्रिंग्टनचं निशाण होतं 'एशिया'वर. जॉर्ज फिलिप रायनॅगल नावाचा चित्रकार त्या वेळी तिथे हजर होता आणि १८२८ मध्ये त्याने या लढाईच्या लिथोग्राफची, म्हणजे दगडावर खडूने काढून छापलेल्या चित्रांची, मालिका काढली. त्यातला एखादा कागद मिळाला तर बघावं, एवढीच माझी मागणी.

सुरुवात अर्थातच चोरबाजारापासून. मटण स्ट्रीटवर जहाजांची चित्रं ढिगाने मिळतात, त्यातली बहुतेक कॅलेंडरांतली नाहीतर पुस्तकांतून छापलेली. दुकानदाराने "ओरिजिनल है, अंग्रेज के टाइम का" म्हटलं की मी पर्समधून दहापट मोठं दाखवणारं भिंग काढते. ओळीने बसलेले एकसारखे ठिपके दिसले तर ते फोटोवरून केलेलं आधुनिक छपाईकाम, विषय संपला. खऱ्या लिथोग्राफमध्ये दगडाच्या खरखरीतपणामुळे खडूचे वेडेवाकडे कण दिसतात. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेलं असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट कागदात उमटलेली असते, बोटाला लागते. लिथोग्राफला ती नसते, त्यामुळे तिथे चौकट शोधून उपयोग नाही. चहाच्या पाण्यात बुडवून 'जुना' केलेला कागद ओळखायला तर भिंगही लागत नाही, तो सगळीकडे एकसारखा तपकिरी असतो. खरं वय असं समान वाटणीने येत नाही. कडा आधी काळवंडतात, मध्येच तांबूस ठिपके पडतात, जुन्या माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेला भाग वेगळाच राहतो.

शेवटी प्रिंट सापडलं ते लंडनच्या एका विक्रेत्याकडे, बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीला. मी आधी मागितला पाठीमागचा फोटो, मग कागद उजेडासमोर धरून काढलेला फोटो. कागदात जलचिन्ह असेल तर पुष्कळदा कागद केल्याचं साल सापडतं. प्रकाशनाची तारीख १८२८ आणि कागद १८३५ चा निघाला तर ती नंतर काढलेली प्रत समजायची, किंमतही त्याप्रमाणे. माझ्या कागदावर जलचिन्ह नव्हतं, पण पाठ स्वच्छ होती, कुठे चिकटवलेलं नव्हतं, चारही समास शाबूत. रंग भरलेली प्रत थोडी महाग होती, ती मी घेतली नाही. असे रंग कित्येकदा पुढच्या काळात गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून भरलेले असतात, आणि समुद्र इतका निळा असतो की मला जाहिरात बघितल्यासारखं वाटतं.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याशी आणखी एका गोष्टीवर पत्रव्यवहार झाला, आणि त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. तो बिलावर नुसतं 'शोभेचं जुनं चित्र' लिहिणार होता. तसं लिहिलं की ते कस्टम्सच्या शुल्कयादीत छापील चित्रांच्या ४९११ या शीर्षकाखाली जायची भीती. मूळ कोरीव चित्रं आणि लिथोग्राफ यांचं शीर्षक ९७०२ आहे, आणि शंभर वर्षांवरच्या प्रतींना त्यात वेगळी ओळच आहे. अट अशी की ठसा हाताने तयार केलेला हवा, यांत्रिक किंवा फोटोची प्रक्रिया नको. जुनं आहे म्हणून ते पुराणवस्तूंच्या ९७०६ मध्ये घालता येत नाही, आधीच्या शीर्षकात बसणारी वस्तू तिथेच राहते. मी त्याला बिलाचा मजकूरच लिहून पाठवला: मूळ लिथोग्राफ, साल १८२८, वय शंभर वर्षांहून अधिक.

पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक कार्यालयात येऊन थांबलं आणि मला कागदपत्रांसाठी पत्र आलं. ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याची पावती, चित्राचा फोटो आणि भिंगातून घेतलेला फोटो, एवढं घेऊन गेले. समोरच्या साहेबांनी चित्राचा फोटो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मॅडम, हे लढाईचं आहे ना? मग आपलं जहाज कुठलं?" मी मधलं दाखवलं. म्हटलं, इथून चालत जाण्याच्या अंतरावर, त्या भिंतीपलीकडच्या गोदीत बांधलंय. शुल्क काही त्यामुळे कमी झालं नाही, पण शीर्षक ९७०२ च लागलं.

लंडनचा भाचा म्हणाला, "मावशी, कंटाळलीस की परत पाठव, मी इथे विकतो." त्याला समजावलं की शंभर वर्षांवरची कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. एकदा इथे आली की इथलीच.

आता फ्रेम. गिरगावातला फ्रेमवाला कामाला चोख माणूस, माझ्या लग्नाचा फोटोही त्यानेच मढवलाय. त्याने कागद काचेवर ठेवला, पट्टी लावली आणि विचारलं, "ताई, खालचा हा पांढरा भाग कापू का? चित्र मोठं दिसेल." त्या 'पांढऱ्या भागात' प्रकाशकाची ओळ होती. मी कटर त्याच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतला. मग बसून ठरवलं: मागे हार्डबोर्ड नको, अॅसिड-फ्री बोर्ड. चिकटपट्टी नको, कागद फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर टांगायचा, गव्हाच्या खळीने. ती खळ पाण्याने पुन्हा सुटते, सेलोटेप सुटत नाही आणि पिवळा डाग ठेवून जाते. काच अतिनील किरण अडवणारी, आणि कागदाला टेकणार नाही अशी, मध्ये माउंटची जाडी हवीच. पावसाळ्यात काचेच्या आत दमट हवा साठली की टेकलेला कागद काचेला चिकटतो. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घेतले, भिंतीशी हवा खेळती राहावी म्हणून. बाहेरच्या भिंतीवर तर लावायचंच नाही, तिथे ओल येते आणि ओलीमागून कसर.

भिंतीवर लागल्यावर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, कोण जिंकलं? धूर इतका आहे की प्रश्न रास्त आहे. मीही बराच वेळ घालवते तो डोलकाठ्या मोजण्यात. या लढाईत 'एशिया'ची मागची डोलकाठी तोफगोळ्यांनी पडली, त्यामुळे चित्रातला क्षण त्याआधीचा की नंतरचा हे काठ्यांवरून ताडता येतं. विजेत्यांच्या बाजारासाठी काढलेली ही चित्रं, सत्याशी त्यांचं नातं सोयीपुरतंच. तरी दोरखंड मात्र बहुधा बरोबर असतात. गिऱ्हाइकांत निवृत्त नौदल अधिकारीही असायचे आणि त्यांना चुकीची दोरी खपत नसे.

आता शोध चालू आहे तो घेरियाच्या, म्हणजे आपल्या विजयदुर्गाच्या लढाईच्या चित्राचा. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले तेव्हा पेटता गोळा तुळाजी आंग्र्यांच्या 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे मुळात इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं जहाज. तिथून आग पसरली आणि गुराबांसकट, म्हणजे मराठ्यांच्या लढाऊ गलबतांसकट, सगळं आरमार जळालं. हे मुंबईत बांधलेल्या जहाजांच्या माझ्या हद्दीत बसत नाही, ठाऊक आहे. हद्द मीच आखली होती. गेल्या आठवड्यात एका विक्रेत्याने प्रत असल्याचं कळवलंय, समोरून फोटो झकास आहे. पाठीचा फोटो मागितलाय.